शिलाईशिवाय खिडकीचा पडदा : मोजमाप, मांडणी आणि उष्णतेचा हिशेब



वसतिगृहातील किंवा भाड्याची खोली मिळाली की पहिल्या आठवड्यात एक अडचण हमखास येते. खिडकीला पडदा नसतो. शिलाई मशीन जवळ नसते, शिंप्याकडे वेळ लागतो आणि घरमालकाने भिंतीला भोक पाडू नका असे बजावलेले असते. मग खिडकीला वर्तमानपत्र चिकटवले जाते आणि वर्षभर तेच राहते.

माझ्या पहिल्या नोकरीच्या वेळी मीही अशाच एका खोलीत राहत होतो. वरचा मजला, पश्चिमेची खिडकी. मी जाड, गडद तपकिरी कापड आणले, मेहनतीने आतून लावले आणि निश्चिंत झालो. खोलीत अंधार झाला, पण उकाडा जवळजवळ तेवढाच राहिला. चूक शिलाईची नव्हती. पडदा कोणत्या कामासाठी लावायचा आहे, याचा विचारच मी केला नव्हता.

या पाठात आपण शिलाई न करता पडदा कसा तयार करायचा हे पाहणार आहोत. पण लक्षात ठेवायचा मुख्य मुद्दा असा : पडद्याचे यश टाक्यांवर अवलंबून नसते. तो कुठे टांगला, किती रुंद-लांब घेतला आणि त्याचा रंग कोणता, या तीन गोष्टींवर ते अवलंबून असते. या तिन्ही गोष्टी पट्टी आणि साध्या गणिताने ठरवता येतात.

१. आधी प्रश्न, मग कापड

पडद्याची कामे चार असतात : ऊन अडवणे, उजेड कमी करणे, आतले बाहेर न दिसू देणे आणि तरीही हवा खेळती ठेवणे. एकच पडदा ही चारही कामे सारखीच चांगली करू शकत नाही. म्हणून तुमच्या खोलीत पहिल्या क्रमांकाची गरज कोणती, ते वहीत लिहा. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्याला अंधार हवा. तळमजल्यावर राहणाऱ्याला आडोसा हवा. वरच्या मजल्यावर मे महिन्यात अभ्यास करणाऱ्याला उष्णतेपासून सुटका हवी. चेन्नई किंवा रत्नागिरीसारख्या दमट हवेत वारा अडवणारा जाड पडदा त्रासच वाढवतो.

यानंतर खिडकीची दिशा पाहा. मोबाइलमधील होकायंत्र पुरेसे आहे.

दक्षिणेची खिडकी : उन्हाळ्यात दुपारी सूर्य डोक्यावर असतो, त्यामुळे खिडकीवरचा सज्जा बरेचसे ऊन अडवतो. हिवाळ्यात सूर्य खाली असतो आणि ऊन आत येते. थंडीत ते हवेच असते.

पूर्व आणि पश्चिम : इथे सूर्य क्षितिजाजवळ असताना किरणे जवळजवळ आडवी येतात. सज्जा कितीही मोठा असला तरी त्याचा फारसा उपयोग होत नाही. या खिडक्यांना उभे आवरणच लागते. त्यातही पश्चिमेची खिडकी अधिक त्रासदायक, कारण तिच्यावर ऊन येते तेव्हा हवा आणि भिंती आधीच तापलेल्या असतात.

उत्तर : इथे ऊन येतच नाही असे समजू नका. मुंबईच्या अक्षांशावर साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. तरीही वर्षाचा हिशेब केला तर ही खिडकी सर्वांत थंड असते.

२. उष्णतेचा हिशेब

आता एक उदाहरण सोडवू. खिडकी १.२ मीटर रुंद आणि १.२ मीटर उंच आहे. क्षेत्रफळ १.४४ चौरस मीटर. उन्हाळ्यातील निरभ्र संध्याकाळी पश्चिमेच्या काचेवर दर चौरस मीटरला ५०० वॅट ऊर्जा पडते असे धरू. साधी काच त्यातील सुमारे ८० टक्के आत सोडते.

आत येणारी उष्णता = १.४४ × ५०० × ०.८ = ५७६ वॅट.

म्हणजे ६० वॅटचे जवळजवळ दहा जुने बल्ब खोलीत एकाच वेळी पेटवल्यासारखे झाले. आता तीन प्रकारचे पडदे तपासू.

(अ) आतून गडद पडदा : तो १० टक्के ऊर्जा परत फेकतो असे धरा. परत फेकलेले ५८ वॅट. त्यातील ८० टक्के, म्हणजे सुमारे ४६ वॅट, काचेतून बाहेर जातात. उरलेले ५३० वॅट खोलीतच राहतात.

(आ) आतून पांढरा किंवा फिका पडदा : तो ५० टक्के ऊर्जा परत फेकतो असे धरा. परत फेकलेले २८८ वॅट; त्यातील २३० वॅट बाहेर जातात. खोलीत ३४६ वॅट राहतात.

(इ) काचेच्या बाहेर ७५ टक्के सावलीची जाळी : काचेपर्यंत चौथा हिस्साच पोहोचतो. खोलीत साधारण १४४ वॅट येतात. जाळी स्वतः तापते व थोडी उष्णता काचेकडे टाकते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा याहून काहीसा जास्त असेल.

हा हिशेब ढोबळ आहे, पण त्यातला क्रम पक्का आहे. कारण समजून घ्या. दिसणारा प्रकाश काचेतून सहज आत येतो. तो गडद कापडात शोषला गेला की कापड तापते आणि दीर्घ तरंगलांबीची अवरक्त किरणे बाहेर टाकते. काच या किरणांना आरपार जाऊ देत नाही. कापडाला लागून तापलेली हवाही खोलीतच फिरते. म्हणजे आतल्या बाजूने लावलेला गडद पडदा उन्हाचा मार्ग अडवत नाही. खोलीत आलेल्या उन्हाला तो फक्त बसायला जागा देतो. माझ्या तपकिरी पडद्याचे नेमके हेच झाले होते. बाहेरच्या जाळीत शोषलेली उष्णता मात्र बाहेरचा वाराच घेऊन जातो.

म्हणून नियम असा : उष्णतेसाठी शक्य असेल तर काचेच्या बाहेर; ते शक्य नसेल तर आतून, पण काचेकडची बाजू पांढरी किंवा फिकी.

खोलीला गडद रंगच आवडत असेल तर गडद कापडामागे जुनी पांढरी चादर लावा. ॲल्युमिनियमची फॉइल किंवा काळा कागद थेट काचेला चिकटवू नका. काचेचा मधला भाग खूप तापतो, चौकटीतली कड थंड राहते आणि या फरकाने काच तडकू शकते. शिवाय चिकटपट्टीचे डाग काढताना अनामत रकमेची आठवण येते ती वेगळीच.

३. मोजमाप

शिलाई नसली की चूक सुधारायला कापड उरत नाही, म्हणून दोनदा मोजा आणि एकदाच कापा. तीन आकडे काढायचे आहेत.

झाकायची रुंदी : खिडकीची रुंदी अधिक दोन्ही बाजूंना १५-१५ सेंटिमीटर. आपल्या उदाहरणात १.२ + ०.३ = १.५ मीटर. कडेच्या फटीतून येणारा उजेड झोपमोड करतो, म्हणून ही वाढ सोडू नका.

कापडाची रुंदी : पडदा सपाट ताणला तर तो पाटीसारखा दिसतो आणि सरकत नाही. चुण्या पडण्यासाठी झाकायच्या रुंदीच्या दीडपट ते दुप्पट कापड लागते. १.५ × १.५ = २.२५ मीटर.

उंची : दांड्यापासून खिडकीच्या खालच्या कडेच्या थोडे खालीपर्यंत. दांडा खिडकीच्या ८ सेंटिमीटर वर आणि पडदा ८ सेंटिमीटर खाली धरला तर १.३६ मीटर.

४. पद्धत पहिली : जुनी सुती साडी

शिवण का घालावी लागते? कापलेल्या कडेचे धागे सुटतात म्हणून. साडीच्या दोन्ही लांब बाजूंना विणतानाच काठ तयार झालेला असतो, तो उसवत नाही. म्हणून साडी हे शिलाईशिवायच्या पडद्यासाठी जवळजवळ तयार कापड आहे. लुंगी, धोतर, मुंडू यांनाही हेच लागू पडते.

साडी साधारण ५.५ मीटर लांब आणि १.१५ मीटर रुंद असते. तुमची साडी स्वतः मोजून घ्या. सुती असेल तर आधी धुऊन वाळवा.

कृती :
१) साडी मधोमध कापून २.७५ मीटरचे दोन तुकडे करा. काठ कात्रीने कापा. मधले साधे सुती कापड छोटा चिरा देऊन हाताने फाडले तर धाग्याच्या रेषेत सरळ फाटते. कात्रीने ती रेष हमखास वाकडी होते.
२) प्रत्येक तुकडा दांड्यावरून अर्धा-अर्धा टाका. दोन्ही बाजूंना १.३७५ मीटर लोंबेल. आपल्याला १.३६ हवे होते. दीड सेंटिमीटर शिल्लक राहिले.
३) दोन तुकड्यांची एकूण रुंदी २.३ मीटर. आपल्याला २.२५ हवी होती. हिशेब जुळला.
४) फाटलेली कड खिडकीकडे आणि साडीचे मूळ टोक खोलीकडे ठेवा. मागच्या कडेचे चार-पाच आडवे धागे ओढून काढा. तयार झालेली झालर पुढचे धागे सुटणे बरेच रोखते.
५) दांड्याच्या लगेच खाली दोन्ही थर प्रत्येकी तीन-चार सेफ्टी पिनांनी जोडा. दांड्यासाठी बोगदा तयार होतो आणि पडदा सरकवता येतो.

इथे एक प्रश्न वर्गात नेहमी येतो : दोन्ही बाजू समान नसतील तर पडदा घसरून पडणार नाही का? खांबाला गुंडाळलेल्या दोरीसाठी यंत्रशास्त्रात कॅप्स्टन समीकरण शिकवतात. तेच इथे वापरा. कापड दांड्याला अर्धा वळसा घालते. घर्षण गुणांक ०.२ धरला तरी एका बाजूचे वजन दुसऱ्या बाजूच्या १.८७ पट होईपर्यंत कापड घसरत नाही. म्हणजे खिडकी उंच असेल तर खोलीकडे १.६ मीटर आणि मागे १.१५ मीटर असे टाकले तरी चालते. हे गुणोत्तर जेमतेम १.४ आहे. पंख्याच्या वाऱ्याने पडदा हलतो तेव्हा मात्र ही मर्यादा कमी होते. म्हणून पिना लावायच्याच.

५. पद्धत दुसरी : चादर आणि क्लिपच्या कड्या

पडद्याच्या दुकानात चिमट्याच्या कड्या मिळतात. कडी दांड्यात जाते आणि चिमटा कापड धरतो. चादरीच्या चारही कडा तयारच असतात, त्यामुळे काहीच कापावे लागत नाही. उंची जास्त असेल तर वरची कड आतल्या बाजूला दुमडा आणि दोन्ही थर चिमट्यात धरा. वर्ष संपले की चादर पुन्हा चादर होते.

चिमटे साधारण १५ सेंटिमीटरवर लावा. १.१५ मीटर रुंदीच्या तुकड्यात असे ८ टप्पे पडतात, म्हणून चिमटे ९ लागतील. कमी लावले तर वरची कड झोळीसारखी लोंबते आणि तिथूनच ऊन आत येते.

६. पद्धत तिसरी : इस्त्रीने चिकटणारी टेप

ताग्यातून कापून आणलेल्या कापडाची कड दुमडायचीच असेल तर शिवणसाहित्याच्या दुकानात हेमिंग टेप मागा. ही उष्णतेने वितळणारी जाळीदार पट्टी असते. कड ३ सेंटिमीटर दुमडा, घडीत टेप ठेवा, वर ओलसर फडके ठेवा आणि इस्त्री दाबून धरा. इस्त्री घासत नेली तर टेप सरकते. उचलून पुढच्या जागी ठेवा. किती वेळ दाबायचे ते पाकिटावर दिलेले असते. कापड पूर्ण गार होईपर्यंत ओढून पाहू नका; वितळलेला थर गार झाल्यावरच पकड घेतो.

आधी चिंधीवर प्रयोग करा. कृत्रिम धाग्याचे कापड टेप वितळण्याच्या आधीच आकसू शकते. अशा कापडाला क्लिपच बऱ्या.

७. पद्धत चौथी : बाहेरचे आवरण

रोपवाटिकेत किंवा शेतीसाहित्याच्या दुकानात सावलीची जाळी मीटरवर मिळते. ५०, ७५, ९० टक्के असे तिचे प्रकार असतात. आपल्याकडील बहुतेक खिडक्यांना लोखंडी गज किंवा ग्रिल असते. ते काचेच्या बाहेर असेल तर काम सोपे आहे : सरकती काच उघडा, आत उभे राहूनच जाळी ग्रिलच्या आतल्या बाजूला लावा आणि दर २० सेंटिमीटरवर केबल टायने बांधा. कडा दोनदा दुमडून बांधल्या तर वाऱ्याने फाटत नाहीत. हवा येत राहते.

ग्रिल नसेल आणि खोली वरच्या मजल्यावर असेल तर हा प्रयोग करू नका. खिडकीबाहेर वाकून कोणतेही काम करायचे नाही. बाल्कनी असेल तर तिथे बांबूच्या काड्यांची चीक लावता येते. उत्तर भारतात ती अजून घरोघर दिसते.

विदर्भात, राजस्थानात किंवा दिल्लीच्या बाजूला असाल तर वाळ्याचे पडदेही पाहिले असतील. एक लिटर पाणी तासाभरात बाष्प झाले तर साधारण ६७० वॅट उष्णता शोषली जाते. आपल्या खिडकीतून येणाऱ्या ५७६ वॅटपेक्षा ही जास्त आहे. पण त्यासाठी कोरडा वारा पडद्यातून आत यायला हवा. कोकणात किंवा केरळात हवा आधीच दमट असते, तिथे हा उपाय फक्त ओल वाढवतो.

८. दांडा कशावर टेकवायचा?

भोक न पाडता तीन मार्ग आहेत.

स्प्रिंगचा दांडा : हा खिडकीच्या दोन उभ्या भिंतींमध्ये दाबून बसतो. हलक्या पडद्याला उत्तम. तो आतच बसत असल्याने बाजूची १५ सेंटिमीटर वाढ मिळत नाही. तेव्हा रुंदीचा हिशेब नव्याने करा.

ग्रिलला बांधलेला दांडा : ग्रिल आतल्या बाजूला असेल तर वायरिंगचा पीव्हीसी पाइप केबल टायने बांधा. सर्वांत स्वस्त आणि भक्कम.

चिकटणारे हुक : टाइल, काच, ॲल्युमिनियम अशा गुळगुळीत पृष्ठभागावरच चांगले टिकतात. चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर लावले तर रंगाचा पापुद्रा घेऊनच खाली येतात. पृष्ठभाग पुसून कोरडा करा आणि हुक लावल्यावर एक दिवस वजन टांगू नका.

दांडा मध्ये वाकतो का, हेही पाहा. प्रत्येक मीटरवरचे वजन तेच असेल तर वाक लांबीच्या चौथ्या घातात वाढतो. लांबी दुप्पट झाली तर वाक १६ पट. म्हणून मोठ्या खिडकीला जाड पाइप शोधण्याआधी मध्यभागी एक आधार द्या.

९. रात्रीची चाचणी

ही चाचणी टाळू नका, विशेषतः तळमजल्यावर किंवा समोर इमारत असेल तर. दिवसा बाहेर लख्ख उजेड आणि आत अंधार असतो. पातळ पडद्यावरून बाहेरचा प्रकाश परावर्तित होतो आणि पाहणाऱ्याला आतले काही दिसत नाही. रात्री खोलीत दिवा लागला की नेमके उलटे होते. तोच पडदा बाहेरच्याला जवळजवळ पारदर्शक वाटतो आणि आतल्याला मात्र बाहेर काळोखच दिसतो. म्हणून धोका आतून कळत नाही.

उपाय साधा आहे. पडदा लावल्यावर पहिल्याच रात्री खोलीतला दिवा लावा, मैत्रिणीला किंवा मित्राला आत उभे करा आणि स्वतः बाहेर जाऊन पाहा. सावली दिसली तर दुसरा थर लावा. साडीच्या पद्धतीत दोन थर आपोआप मिळतात. तरीही पाहून खात्री करा. बाहेरची जाळी ऊन अडवते, पण रात्री आडोसा देत नाही. तिच्या जोडीला आतला पडदा लागतोच.

१०. सुरक्षितता

पडद्याजवळ इंडक्शन शेगडी, हीटर, मेणबत्ती किंवा डासांची अगरबत्ती ठेवू नका. टेबल फॅनच्या पात्याजवळ सैल कापड येऊ देऊ नका. घरात लहान मूल असेल तर दोरीचे लोंबते फास ठेवू नका. दोरी गळ्याला अडकून मुले दगावल्याच्या घटना घडलेल्या आहेत. पावसाळ्यात पडदा ओल्या काचेला चिकटू देऊ नका, बुरशी धरते. शिमला किंवा शिलाँगसारख्या थंड ठिकाणी दिवसा पडदा उघडा ठेवून ऊन आत घ्या आणि सूर्य मावळताच तो बंद करा.

सारांश

पडदा शिवता येत नाही ही अडचण खरी नाही. विणलेला काठ, चिमटा, पिन किंवा वितळणारी टेप यांपैकी काहीही टाक्याची जागा घेऊ शकते. पडद्याची जागा, रंग आणि मोजमाप चुकले तर मात्र उत्तम शिवलेला पडदाही उपयोगी पडत नाही. माझ्या त्या खोलीत शेवटी आईची जुनी पांढरी सुती साडी तपकिरी कापडाच्या मागे लावली आणि ग्रिलला जाळी बांधली. तो उन्हाळा त्याच खोलीत अभ्यास करून निघाला.

स्वाध्याय

१) तुमच्या खोलीतील खिडकीची दिशा, रुंदी आणि उंची मोजा. कापडाची रुंदी व उंची काढा.
२) खिडकी ०.९ मीटर × १.२ मीटर असेल आणि काचेवर दर चौरस मीटरला ५०० वॅट पडत असतील, तर आत येणारी उष्णता काढा. आतून पांढरा पडदा लावल्यास खोलीत किती उरेल?
३) साध्या तापमापकाने सलग दोन दुपारी, पडदा उघडा आणि बंद ठेवून, चार वाजता खोलीचे तापमान नोंदवा. एका दिवसाच्या फरकावरून निष्कर्ष का काढू नये, ते दोन वाक्यांत लिहा.
४) तुमच्या घरी मागच्या पिढीत खिडकीला काय लावत असत, ते आजी-आजोबांना विचारा. ते कोणत्या दिशेच्या खिडकीला आणि का लावत, याची नोंद करा.